पेज शिजेपर्यंत

गेल्या जुलैत पऱ्याने, म्हणजे आमच्या गावच्या ओढ्याने, माझ्या चपला नेल्या. प्रसंग एवढाच. डोंबिवली स्टेशनाबाहेर घेतलेल्या रबरी चपला, एकदा पट्टा बदलून झालेल्या. त्यांच्यासाठी कोणी हळहळावं असं त्यांत काही नव्हतं. लावणीला म्हणून चार दिवस गावी गेलो होतो, म्हणजे लावणी करायला कमी आणि लावणीला गेलो होतो असं ऑफिसात सांगायला जास्त. दुपारी वहिनींनी मीठ संपलंय म्हणून पलीकडच्या वाडीतल्या दुकानात पिटाळलं. येताना साकवावरून आलो नाही. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते आणि साकवाच्या खालच्या अंगाला, आमच्या काठाला, ती सपाट धोंड आहे जिच्यावर आजी कपडे आपटायची. चपला धोंडेवर काढल्या, मिठाची पिशवी शर्टात खोचली आणि पाण्यात उतरलो. पाणी पोटरीएवढं, गार, तळाचे गोटे दिसत होते. पूर्वेला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, काळं करून आलं होतं आणि पाऊस वाजायला लागला होता. आमच्याकडे सड्यावरचा पाऊस आधी ऐकू येतो, मग दिसतो, मग अंगावर येतो. खळ्यातून वहिनी ओरडल्या, "भाऊजी, वर या, पाणी येईल!" मी पाय चोळत हसून म्हणालो, "येईल हो, पेज शिजेपर्यंत तरी वेळ आहे."

नव्हता. आधी वास आला, उकरलेल्या मातीचा आणि कुजक्या पाल्याचा. मग काटक्या, काजूची पानं, एक निळी प्लास्टिकची पिशवी. मग एकदम लाल पाणी, वरून कोणीतरी घमेली ओतत असल्यासारखं. मी काठाची मुळं धरून कसाबसा वर आलो आणि वळून बघतो तर धोंड दिसेना. दुकानदाराला मोबाइलवरून पैसे पाठवले होते, त्याची वेळ होती ४ वाजून १२ मिनिटं. तेव्हा सड्यावर पावसाचं नाव नव्हतं. वहिनींचा "कुठे आहात" असा घाबरलेला फोन आला तो ४ वाजून २८ मिनिटांनी, आणि तेव्हा मी अनवाणी, मिठाच्या विरघळत चाललेल्या पिशवीसह, कुंभ्याच्या झाडाखाली उभा होतो. मधली सोळा मिनिटं. त्यातली निम्मी दुकानापासून धोंडेपर्यंत चालण्यात गेलेली.

चपलांचं काही वाटलं नाही, पण ती सोळा मिनिटं डोक्यातून जाईनात.

पेजेचा हिशोब आजीचा. सड्यावर पाऊस वाजला की ती चुलीवर आदण ठेवायची आणि आम्हा पोरांना सांगायची की पेज शिजेपर्यंत पऱ्यावर जायला हरकत नाही, उतू जायला लागली की पलीकडे असाल तर पलीकडेच राहायचं. लाल जाड्या तांदळाची पेज, ओली लाकडं, फुंकणीने फुंकून फुंकून पेटवलेली चूल. ती शिजायला पाऊण तास सहज लागायचा, लाकूड फारच ओलं असेल तर तासही. तेवढ्यात आजी उरलेले कपडे पिळून घ्यायची, आजोबा पलीकडे चरायला सोडलेली गुरं आणायचे, आणि पाणी चढायचं ते हळूहळू, आधी धोंडेची कड बुडायची, मग धोंड, मग तिच्यामागचा अळवाचा ताटवा. आम्ही पोरं पावसात उभं राहून ते चढणं बघायचो. त्याचा रंग बिनदुधाच्या चहासारखा असायचा. आणि एकदा चढलेलं पाणी लगेच उतरायचं नाही. पाऊस थांबून ऊन पडलं तरी दोन-दोन दिवस पऱ्याचा आवाज पडवीत झोपलेल्या माणसाला उशाशी यायचा.

संध्याकाळी दादाला चपलांची गोष्ट सांगितली तर तो जेवता जेवता हसला. "आजीच्या पेजेचं काय घेऊन बसलास? आता येतं ते पाणी चहासुद्धा उकळू देत नाही." हे त्याने तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. तो तिथेच राहतो, रोज बघतो, त्याच्या लेखी ही बातमीच नाही. त्या रात्री मी मुद्दाम जागा राहिलो. मध्यरात्रीपर्यंत पऱ्या नुसता गडगडत होता, मोठे गोटे तळाशी एकमेकांवर आपटतात तो पोटात जाणारा आवाज. पहाटे तीनच्या सुमारास पाऊस थांबला. पाच वाजता उठून बाहेर आलो तर पागोळ्या टपटपत होत्या आणि त्या ऐकू येत होत्या. पागोळ्या ऐकू येणं म्हणजे पऱ्या उतरला. दोन तासांत.

आता हे सगळं नुसतं म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाचं 'आमच्या वेळी' असू शकतं, हे मला कळतं. लहानपणी सगळंच मोठं आणि संथ असतं. शिवाय मोजायचं माप बघा: पेज. तीही आता गॅसवर आणि कुकरमध्ये होते, तीन शिट्ट्यांत. म्हणजे पऱ्या घाईला आला तसं मापही घाईला आलं. पाऊसही पूर्वीसारखा रिपरिप धरून राहत नाही, तासाभरात ओतून मोकळा होतो, हेही खरंच. पण पाऊस बदलला, संपला विषय, असं म्हणून मला सुटता येत नाही. कारण सडा आणि पऱ्या यांच्या मधला जो उतार आहे, त्यातले पाच एकर आमचे आहेत. आणि त्या पाच एकरांचं काय झालं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी तिथे होतो.

सात-बाऱ्यावर ती जमीन वरकस, म्हणजे भाताची नसलेली, डोंगरउताराची. ज्यांना कोकण माहीत आहे त्यांना वरकस म्हणजे काय ते सांगायला नको. ते काही अस्पर्श अरण्य नव्हतं, आणि ते तसं होतं असं आता सांगणं खोटेपणाचं होईल. ऐन, किंजळ, कुंभा, मधूनमधून एखादा हेळा, खाली करवंद, धायटी, दिंडा, उक्षीच्या वेली. आजोबा ऐन-किंजळांचे टाळे तोडून राबासाठी आणायचे, भाताच्या रोपवाटिकेवर पसरून वैशाखात भाजायचे. काही तुकड्यांत दोन वर्षं नाचणी, मग वरी, मग जमीन सोडून द्यायची. पाच-सात वर्षांत रान पुन्हा चढायचं. तोडलेलं, खरचटलेलं, पण मुळं जागेवर असलेलं रान. त्याखाली पाय ठेवला की पायाखालचं दबायचं. मला आठवतं ते हेच दबणं. पावसाळ्यात तिथे चालताना खड्ड्यात पाणी साचलेलं दिसायचं नाही, आणि मुठ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं एवढी असायची की मोठी माणसं काठी टेकत टेकत चालायची.

१९९२ साली आम्ही ते साफ केलं. रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना महाराष्ट्रात १९९०-९१ पासून सुरू झाली होती. खड्ड्यांची मजुरी आणि कलमं सरकारकडून मिळणार, जमीन आपली, झाड आपलं, उत्पन्न आपलं. कोकणातल्या पडीक डोंगरांवर त्या वर्षांत हापूस आणि काजू जसा चढला तसं दुसरं काही क्वचितच चढलं असेल. आधी लाकूडवाला आला, उभं रान एकगठ्ठा किमतीने घेऊन गेला. पंधरा दिवस कुऱ्हाडी, मग ट्रक. मग राहिलेलं जाळलं. मग खड्डे. मी आठ वर्षांचा होतो. काळ्या पिशवीतली वेंगुर्ल्याची काजूची कलमं दोन्ही हातांत दोन अशी धरून मी त्या उतारावर किती फेऱ्या मारल्या याला गणती नाही. पिशवीच्या बुडाच्या भोकांतून माती पोटऱ्यांवर सांडायची. लाल मुंग्या चावायच्या. आजी खालून ओरडून झाडं मोजायची आणि आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तिला त्या डोंगराचा केवढा अभिमान वाटायचा. पाहुणे आले की त्यांना खळ्याच्या कडेला नेऊन दाखवायची, "तो सगळा काजू आपला." तिने पेज आणि काजू यांचा संबंध कधीच लावला नाही, आणि मीही तिच्या तोंडी आता तसं काही घालणार नाही.

काजू चौथ्या वर्षी धरला. २००१ मध्ये मला डिप्लोमाला पाठवलं ते त्या पैशांवर. बाबांची गिरणी तोपर्यंत कधीच बंद पडलेली. वसतिगृहाची फी भरायला दादा आला होता तेव्हा त्याने आणलेल्या नोटांना बिबूच्या डिंकाचा वास येत होता, निदान माझ्या नाकाला तो आला. हा लेख मी ज्या टेबलावर लिहितो आहे ते, हा फ्लॅट, त्याचे हप्ते भरणारी नोकरी, सगळ्याचा माग काढत गेलं तर तो त्या साफ केलेल्या उतारावर जाऊन पोचतो. म्हणून पऱ्याबद्दल बोलताना माझी जीभ जरा जड होते.

काजूच्या बागेत एक गोष्ट सक्तीची असते: खालची जमीन स्वच्छ हवी. बी पिकून खाली पडते, ती दिसली पाहिजे, वेचता आली पाहिजे. आधी कोयतीने गवत-झुडूप बेणायचे, आता मजूर मिळत नाही म्हणून तणनाशक मारतात. शिवाय वणव्याच्या भीतीने पाला गोळा करून आधीच जाळून टाकतात. त्यामुळे मिरग येतो तेव्हा जमीन घासल्यासारखी असते. वर झाडं आहेत, लांबून हिरवं दिसतं, उपग्रहाच्या नकाशातही ते हिरवंच येत असेल. पण पाणी मुरणार की पळणार याचा फैसला शेंड्यात फारसा होत नाही, तळाशी होतो. मोठ्या पानांच्या झाडाखाली उभं राहून बघा, सागाखाली विशेष, पानावरून ओघळणारा थेंब आभाळातून येणाऱ्या थेंबापेक्षा टपोरा असतो आणि खालची माती उघडी असेल तर तो तिला उलट जास्त मारतो. तळाशी कुजका पाला असला, वाळवीने केलेल्या नळ्या असल्या, मेलेल्या मुळांच्या जागी राहिलेली पोकळ भोकं असली, खेकडे असले, तर पाणी आत शिरतं. आत शिरलेल्या पाण्याला घाई नसते. ते दिवसाला काही हात सरकतं. जांभ्याच्या भोकाभोकांतून खाली उतरतं, खालच्या चिकण मातीच्या थराला टेकतं, तिथून आडवं वळतं आणि कुठेतरी उताराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. कधी चार दिवसांनी, कधी चार महिन्यांनी.

सडा तर उघडा कातळच. तो तेव्हाही पाणी धरत नव्हता, आजही धरत नाही. सड्यावरून धावत आलेलं पाणी पहिल्यांदा ज्या पट्ट्यात थबकायचं तो आमचा पट्टा.

एकदा बसल्या बसल्या गणित केलं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. आमचे पाच एकर म्हणजे जेमतेम दोन हेक्टर. आमच्या जिल्ह्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैच्या एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर पडला तर कोणी वर मान करूनही बघत नाही. त्या एका दिवसात एवढ्याशा तुकड्यावर २० लाख लिटर. दहा हजार लिटरचे २०० टँकर. ते सगळं तासाभरात पऱ्यात उतरलं तर काय होईल आणि दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून उतरलं तर काय होईल, एवढाच प्रश्न आहे. आणि आमच्यासारखे पाच-पाच एकर त्या उतारावर ओळीने आहेत, सगळ्यांनी तेच केलं, त्याच चार-सहा वर्षांत.

मात्र मी जेवढं वाचत गेलो तेवढं हे सरळ राहिलं नाही. माझ्या डोक्यात शाळेतलं वाक्य होतं, झाडं लावा, पाणी वाढेल. उटीजवळ ग्लेनमॉर्गनला शेजारशेजारच्या दोन ओढ्यांची पाणलोटं वर्षानुवर्षं मोजली गेली. एक निलगिरी पर्वतावरचं मूळचं गवत म्हणून तसंच ठेवलं, दुसऱ्याच्या ५९ टक्के भागात १९७२ साली निलगिरीची झाडं लावली. पहिल्या दहा वर्षांत झाडं लावलेल्या ओढ्याचं पाणी १६ टक्क्यांनी कमी झालं. झाडं पाणी पितातच. जंगल तोडल्यावर वर्षभराचा एकूण प्रवाह वाढलेला जगात कित्येक ठिकाणी मोजलेला आहे. पण एकूण वाढलेलं ते पाणी येतं कधी, हा पुढचा प्रश्न. ब्राइनझेल नावाचे एक डच जलशास्त्रज्ञ उष्ण कटिबंधातल्या डोंगरांवर आयुष्यभर हेच तपासत आले, आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की झाडं गेल्याने पिणारी तोंडं कमी होतात, पण त्याबरोबर जमिनीची मुरवण्याची ताकदही गेली तर तोटा वाचवलेल्या पाण्यापेक्षा मोठा होतो आणि तो उन्हाळ्यात दिसतो. आमच्याच सह्याद्रीत, खाली उत्तर कन्नडमध्ये, मूळचं जंगल, वापरून उजाड झालेली जमीन आणि त्यावर लावलेलं अकेशिया यांची माती तपासली गेली. मुरवण्यात जंगल पुढे, उजाड जमीन मागे, अकेशिया मध्ये कुठेतरी. तिकडे पनामा कालव्याच्या पाणलोटातही शेजारशेजारची कुरणं आणि रानं मोजली. मोठ्या पावसात रानातल्या ओढ्याला पूर कमी आणि कोरड्या दिवसांत पाणी जास्त. वाचताना मला आमचाच पऱ्या दिसत होता. तिथल्या कुरणाच्या जागी आमचा बेणलेला काजू.

आणि हेही लिहिलं पाहिजे की रान म्हणजे धरण नव्हे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा एकूणच एवढा पाऊस पडला होता की चिंब झालेल्या जमिनीत आणखी मुरायला जागाच उरली नसावी. त्या दिवशी वर देवराई असती काय आणि काजू असता काय. त्यात भरती, नदीत साचलेला गाळ, पूररेषेतलं बांधकाम. तो गाळ मात्र कुठल्या उतारांवरून आला होता, हा प्रश्न उरतोच. त्या पुरानंतर नातेवाइकांच्या दुकानातला चिखल उपसायला मी गेलो होतो. फावड्याने खरवडताना तो लाल होता. आमच्या पऱ्याच्याच रंगाचा.

चिपळूणची नदी वाशिष्ठी, तिच्यावरून आठवलं. आमच्या जिल्ह्यात भर मे महिन्यात वाहती नदी बघायची तर लोक वाशिष्ठीकडे बोट दाखवतात. ते पाणी तिचं नाही. कोयनेचं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी घाटाखाली आणून, पोफळी-अलोऱ्याला वीज काढून, खाली सोडलेलं. त्या सोडलेल्या पाण्यामुळे आम्हाला वाटत राहतं की कोकणातल्या नद्या ठीक आहेत. बाकीच्यांना असा कोणी घाटावरचा सोयरा नाही.

पूर हा पऱ्याचा आवाजी भाग झाला. दुसरा भाग बिनआवाजाचा आहे, म्हणून तो मला फार उशिरा कळला. खालच्या मळ्यात आम्ही वायंगण करायचो. भात झोडून झालं की मार्गशीर्षात पऱ्याला दगड-माती-पेंढ्याचा बांध घालायचा, त्यातून पाट काढायचा, आणि पाटाच्या पाण्यावर दुसरं पीक. कधी भात, कधी पावटा, कुळीथ, मिरची. बांध घालायला अख्खी वाडी जमायची, त्या दिवशी सुकटीचं कालवण आणि भाकरी पऱ्यातच. शिमग्यापर्यंत पाट वाहायचा. पालखी आमच्या खळ्यात नाचायची तेव्हा पलीकडे पाटाचं पाणी चालू असायचं हे मला पक्कं आठवतं, कारण एका वर्षी गुलाल लागलेले हात मी पाटात धुतले आणि मिरचीच्या वाफ्यात गुलाबी पाणी गेलं म्हणून मार खाल्ला. २००० सालाच्या आगेमागे कधीतरी पाट माघातच बारीक व्हायला लागला. मग एका वर्षी बांध घातलाच नाही. कोणी जाहीर केलं नाही की वायंगण बंद. पोरं मुंबईला गेलेली, गडी मिळत नव्हते, परवडत नव्हतं; कारणं पुष्कळ होती, त्यात पाण्याचं कारण सहज लपून गेलं. आज मळ्यात टणटणी आहे. धोंडेच्या खालचा डोह, ज्यात आम्ही पोहायला शिकलो, तो गोट्यांनी आणि वाळूने भरून आता ढोपरभर झाला आहे. आणि वर धनगरवाड्यात एप्रिलपासून टँकरची वाट बघतात, जिथे जूनमध्ये आभाळ फाटतं.

चढणीचे मासेही कमी झाले. पहिल्या पावसात पाणी चढलं की मासे उलटे, वर शेतापर्यंत यायचे, रात्री बत्ती घेऊन पोरं धावायची. त्यांना चढायला दोन-तीन दिवस टिकणारं पाणी लागतं. दोन तासांत उतरणाऱ्या पाण्यात मासा चढेल कधी आणि परत जाईल कधी?

जुलैच्या त्या मुक्कामात शेवटच्या दिवशी दादाने विषय काढला. वरच्या अंगाला, देवराईला लागून, एक एकराचा तुकडा अजून जुन्या रानाचा आहे. चढ फार म्हणून १९९२ मध्ये सुटलेला. आता जेसीबीने टप्पे पाडून तिथे नवीन कलमं लावायची म्हणतोय. शेजारच्याने लावली. दोडामार्गाकडे तर डोंगरच्या डोंगर सोलून रबर आणि अननस लावलाय, असं त्याने आदराने सांगितलं. जुनी झाडं थकली, टी मॉस्किटो नावाची कीड पडते, भाव पडतो, मुलगी बारावीला आहे. मी म्हणालो, तेवढं एक राहू दे. पेजेचं पुराण पुन्हा लावलं, २०० टँकरचं गणित सांगितलं, ग्लेनमॉर्गनसुद्धा काढलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला शिकवायला डोंगर चालला. माझ्या पोरीला शिकवायच्या वेळेला पऱ्या आठवला होय?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

तो पुढे एवढंच म्हणाला की तू तिकडे नळ सोडतोस आणि पाणी येतं. तेही खरं. आमच्या नळाला उल्हास नदी येते, आणि उन्हाळ्यात उल्हास वाहते ती भिवपुरीला वीज करून घाटावरून सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे वाशिष्ठीचीच गोष्ट. चाळीस वर्षांच्या आयुष्यात अर्धी वर्षं मी दुसऱ्यांच्या डोंगरातलं पाणी पितो आहे आणि माझ्या डोंगरातलं पाणी सोळा मिनिटांत समुद्राकडे निघतं आहे. परतीच्या गाडीत मी त्या एकराचे त्याला किती पैसे देता येतील याचा हिशोब मांडला. काजूच्या दहा वर्षांच्या उत्पन्नाएवढे. मांडला आणि मोबाइल खिशात ठेवला. तेवढे नव्हते, आणि असते तरी दिले असते का, हे मी स्वतःला नीट विचारलं नाही.

डिसेंबरात पुन्हा गेलो, लग्नासाठी. मार्गशीर्षाचे शेवटचे दिवस, म्हणजे पूर्वीचा बांध घालायचा महिना. पऱ्यात साकवाखाली दोन डबकी होती, मधले गोटे कोरडे, त्यांच्यावर वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे. एक खंड्या उगाच बसून होता. जेसीबी अजून आला नव्हता. भाव वाढलाय त्याचा, संक्रांतीनंतर बघू, असं दादा म्हणाला. आम्ही दोघे पात्रातूनच खाली चालत गेलो, कारण आता पात्र हीच वाट झाली आहे. वळणावरच्या बांबूच्या बेटाशी तो थांबला आणि वर बघायला लागला. बेटात पुराबरोबर आलेला कचरा अडकला होता, पेंढा, गोणपाटाचे धागे, आणि त्यात पट्टा बदललेली रबरी चप्पल. मी हात वर केला. बोटं पोचली नाहीत. टाचा उचलल्या, तरी वीतभर राहिली.

"इथवर आलं होतं?" दादा म्हणाला. पावसाळाभर तो तिथेच होता.

मग घरी जाऊन तो काजू पाडायची आकडी घेऊन आला आणि चप्पल खाली ओढली. डाव्या पायाची. आत लाल माती बसून वाळली होती. त्याने ती धोंडेवर दोनदा आपटून साफ केली आणि माझ्या हातात दिली.